तुमचं खातं कुठलं?

किस्से जमवायला मी कधीच बसले नाही. ते आपले आपण जमतात. कुणाच्या तरी मुंजीत पंगतीला शेजारी बसलेली बाई विचारते, "तू काय करतेस गो?" मी म्हणते, "मी कायरोप्रॅक्टर आहे." तिचा घास हातातच राहतो. "म्हणजे काय ता?" मग मी सांगायला लागते. पाठ, मान, कंबर दुखत असेल तर मणके आणि सांधे तपासायचे आणि हातांनीच त्यांची हालचाल मोकळी करायची. गोळी नाही, सुई नाही, ऑपरेशन नाही. हे सगळं ऐकून ती बाई शांतपणे म्हणते, "म्हणजे सरकारमान्य नाही वाटतं?" आणि ताक वाढायला येईपर्यंत माझा एक किस्सा वाढलेला असतो!

मी हे ऑस्ट्रेलियात शिकले आणि काही वर्षं तिथेच काम केलं. तिथे आमच्यावर सरकारी मंडळाची करडी नजर. दर वर्षी नोंदणी नवी करायची, ठरावीक तास नवं काही शिकायचं, विमा काढायचा आणि जाहिरातीत काय लिहायचं नाही तेही पाळायचं. त्याचा मला फार कंटाळा यायचा. मग नवऱ्याला, मिलिंदला, रत्नागिरीच्या कॉलेजात नोकरी मिळाली. दोघंही मूळचे इथलेच, परत आलो. इथे आल्यावर मला पहिला प्रश्न पडला, की आता माझ्यावर नजर ठेवणार कोण?

शोधलं तर कोणीच नाही! आपल्याकडे डॉक्टरांची परिषद आहे, वैद्यांची आहे, दंतवैद्यांची आहे, फिजिओथेरपिस्टची आहे. कायरोप्रॅक्टरची नाही. बंदी आहे म्हणावं तर तसंही कुणी सांगत नाही, आणि परवानगी आहे म्हणावं तर तीही कुणी देत नाही.

माझे सासरे, नाना, जन्मभर सरकारी नोकरी केलेले. त्यांना हे पटेचना. "अगो, खातं नाही असं सरकारात काही नसतं. फक्त ते सापडावं लागतं!"

आणि त्यांनी शोध सुरू केला.

*

नानांनी पहिला फोन लावला तो मुंबईच्या एका कार्यालयात. नाना फोनवर नेहमी समोरचा माणूस गच्चीवर उभा असल्यासारखे बोलतात.

"माझ्या सुनेला कायरोप्रॅक्टिकची नोंदणी करायची आहे!"

पलीकडच्या बाईंनी फोन दुसऱ्या विभागाला जोडला. त्यांनी तिसऱ्या. नाना दर वेळी नव्या उत्साहानं पहिल्यापासून सांगायचे. शेवटी एक गृहस्थ भेटले ते फारच गोड बोलणारे. "कुठून बोलताय? रत्नागिरी? वा वा! मग तुमच्यासाठी तर खास योजना आहे."

नानांनी माझ्याकडे बघून विजयी मान हलवली.

"जागा स्वतःची आहे का?"

"आहे."

"पाण्याची सोय?"

"बारमाही!"

"झाडं किती?"

नाना थबकले. "झाडं? आवारात दोन माड आहेत. पण त्यांचा काय संबंध?"

"अहो साहेब, नुसत्या माडांवर कैरी प्रक्रिया उद्योग कसा चालणार?"

नानांनी फोन ठेवला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "कैरीला योजना आहे. पाठीला अजून निघायची आहे."

*

मग नाना आणि मी इथल्याच एका कार्यालयात गेलो. तिथे रुग्णालयांच्या नोंदणीचं काम चालायचं. टेबलामागचे भाऊसाहेब सज्जन होते. त्यांनी आधी खुर्च्या दिल्या.

"खाटा किती?" त्यांनी विचारलं.

"खाट नाही," मी म्हटलं. "तपासायचं एक टेबल आहे."

"पेशंट त्यावर झोपतो का?"

"झोपतो. पालथा."

"रात्री?"

"छे हो! थोड्या वेळात उठून घरी जातो."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग नाही होणार. खाट असली तर नोंदणी. खाट नाही तर आमचा संबंध नाही."

नाना वाद घालायला पुढे सरकले. "अहो, पण ही माणसांच्या मणक्यांना हात लावते! तिला विचारणारं कुणी नको?"

भाऊसाहेब खरोखरच विचारात पडले. मग नानांकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, "काका, लोक इथे येऊन सांगतात, आमच्यामागचा त्रास कमी करा. तुम्ही घरून निघून त्रास मागायला आलात. अशांसाठी काय करायचं ते आम्हाला शिकवलेलंच नाही!"

*

दवाखाना सुरू झाला तेव्हा बोर्ड रंगवायला अनंता पेंटर आला. मी त्याला माझं नाव, शिक्षण आणि 'कायरोप्रॅक्टर' एवढंच लिहायला सांगून घरी गेले. परत येऊन बघते तर नावाच्या आधी लालभडक 'डॉ.'!

"अनंता, हे काय?"

"राहू द्या वैनी. मी माझ्याकडून घातलंय."

"अरे, ऑस्ट्रेलियात लावायचे. इथे मी ते लावायचं की नाही हे कुणी सांगत नाही. जोवर कुणी सांगत नाही तोवर नको. पूस."

"पुसू? अहो, सुकलाय रंग! आणि नुसत्या नावाला कोण येतंय? माझ्या मेव्हण्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर पण डॉक्टर लिहिलंय, मोबाइलचे डॉक्टर!"

मी ऐकलं नाही. त्यानं नाराज होऊन त्या 'डॉ.'वर पांढऱ्या रंगाचा पट्टा मारला. पट्टा बोर्डाच्या पांढऱ्यापेक्षा जरा जास्तच पांढरा झाला. रस्त्याच्या पलीकडून आधी तो पट्टा दिसायचा, मग माझं नाव.

त्यानंतर पेशंट एकदम रोडावले. माझ्याकडे काम करणारी शमिका बाजारातून खबर घेऊन आली. रागानं तिचा चेहरा लाल झाला होता.

"मॅडम, लोक काय बोलतायत ठाऊक आहे? सरकारनं तुमची डॉक्टरकी काढून घेतलीन म्हणे!"

जे सरकारनं कधी दिलंच नव्हतं ते काढून घेतल्याबद्दल मला कितीतरी दिवस गावात लोकांच्या सहानुभूतीला तोंड द्यावं लागलं. एक वयस्कर बाई तर माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "होईल हो सगळं नीट. अपील कर."

*

अलोऱ्याहून एक शिक्षक यायचे. कंबर धरून आले होते, काही आठवड्यांत ताठ चालायला लागले. शेवटच्या भेटीला हसत हसत म्हणाले, "आता तेवढं सर्टिफिकेट द्या. घरी पडून होतो त्या दिवसांची रजा मंजूर करून घ्यायची आहे."

"सर, माझी सही चालणार नाही."

"का?"

"सरकारच्या लेखी मी कुणीच नाही."

सर खुर्चीत बसले. पुन्हा उठले. कंबर वाकवून दाखवली, सरळ करून दाखवली. "ही बरी झाली की नाही?"

"झाली."

"कुणी केली?"

"थोडी मी, थोडी तुमच्या व्यायामानं आणि बरीचशी आपली आपण."

"आणि सही चालत नाही?"

"नाही. तुमचं दुखणं खरं आहे सर, पण त्यावर माझी सही आली की ते खोटं ठरेल."

सर पुन्हा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "आमच्या शाळेत एकांचं बरोब्बर उलटं आहे. सही अगदी खरी. दुखणं शोधायचं राहिलंय!"

*

माझ्या पेशंटमध्ये कमलमावशी म्हणून एक मासे विकणाऱ्या बाई आहेत. पाटी उचलून उचलून त्यांची मान धरायची. माझ्या धंद्याचं नाव त्यांना कधीच उच्चारता आलं नाही. पाठीच्या कण्याला त्या माशासारखं काटाच म्हणतात आणि बाजारात माझी ओळख करून देतात ती अशी, "ही माणसाचा काटा बसवते."

एका सकाळी मी त्यांच्याकडे सौंदाळे घ्यायला उभी होते. वजनमापाची तपासणी करणारे साहेब आले होते. एकेकीचा तराजू तपासून त्यावर शिक्का मारणं चाललं होतं. कमलमावशींचा नंबर आला. त्यांनी आधी कुरकुर केली, मग शिक्का बसल्यावर तराजू पदरानं पुसून झळकवून ठेवला.

मी म्हटलं, "दर वर्षी कटकट असेल ना मावशी?"

"कटकट तर हायच. पण गिऱ्हाइकाला बोलता येतंय, बघ बाय, शिक्का हाय." मग माझ्या पिशवीत मासे टाकता टाकता त्यांनी अगदी सहज विचारलं, "माझा काटा सरकार तपासतंय. तुझे काटे कोण तपासतंय गो?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. मीही हसले. घरी येऊन मासे साफ करताना मात्र मला हसू येईना.

*

आता बोगस डॉक्टरांचा किस्सा सांगायलाच हवा. माझ्याविरुद्ध कुणीतरी तक्रार केली आणि एका दुपारी पथक दारात उभं राहिलं. पथकात आरोग्य खात्याचे साळवी साहेब, त्यांचे एक सहकारी आणि एक पोलीस हवालदार. शमिका इतकी घाबरली की तिनं त्यांना "अपॉइंटमेंट आहे का?" असं विचारलं.

मला मात्र, खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी बरं वाटलं. एकदाचं कुणीतरी आलं!

साळवी साहेब स्वतः डॉक्टर. उंच, सावकाश बोलणारे. त्यांनी कपाटं उघडून बघितली.

"औषधं कुठे आहेत?"

"देत नाही."

"इंजेक्शनं? सलाइन?"

"नाही."

"डॉक्टर म्हणून पाटी?"

हवालदार बाहेर जाऊन बघून आला. "साहेब, होती असं वाटतंय. पण खोडलीय."

साळवी साहेबांनी माझी परदेशी पदवी शांतपणे वाचली, दोनदा वाचली. सहकारी म्हणाला, "सर, बोगस डॉक्टर म्हणून गुन्हा?"

"कसा? त्या डॉक्टर म्हणवतच नाहीत. डॉक्टर म्हणवलं तर बोगस."

"मग बोगस कायरोप्रॅक्टर?"

साळवी साहेबांनी एक मोठा श्वास घेतला. "त्यासाठी आधी खरा कायरोप्रॅक्टर कोण, ते आपल्या कायद्यात कुठेतरी सापडायला हवं!"

इतका वेळ कोपऱ्यात बसून ऐकणारे नाना एकदम उठले आणि त्यांनी साहेबांचा हात हातात घेतला. "अहो, हेच! हेच मी सगळ्यांना सांगतोय!"

पथक चहा पिऊन गेलं. जाताना साहेब दारात थांबले आणि म्हणाले, "बाई, एक विचारू? तुमच्या हातून कुणाला इजा झाली, तर तिकडे काय होतं?"

"चौकशी होते. नोंदणी रद्द होऊ शकते."

"आणि इकडे?"

मी बोर्डावरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघितलं. त्यांनीही.

*

पुढचा प्रसंग हसण्यासारखा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

लांज्याकडचे सुरेश नावाचे गृहस्थ. मुंबईत नोकरी, सुट्टीत गावी आलेले. बायकोला घेऊन आले ते भिंत धरत धरत. पाठीतून दोन्ही पायांत कळ जात होती. मोबाइलवर त्यांनी मणके मोडण्याचे पुष्कळ व्हिडिओ बघितले होते.

"मॅडम, तो कडाक् आवाज येतो ना, तेवढा काढून द्या. मला परत जायचंय, रजा संपली."

मी नेहमीचे प्रश्न विचारायला घेतले. त्यांना घाई होती, तुटक उत्तरं देत होते. लघवीबद्दल विचारलं तेव्हा मात्र ते भिंतीकडे बघायला लागले. बायको हळूच म्हणाली, "सकाळधरनं झाली नाय त्यांना. आणि बसायची जागा बधीर झालीय बोलतायत."

मी टेबलावरचे हात मागे घेतले. "मी तुम्हाला हात लावणार नाही. तुम्हाला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जायला हवं."

सुरेश भडकले. "एवढ्या लांबून आलो! हात लावायचा नाही तर बोर्ड कशाला लावलाय?"

समोरच्या इमारतीत हाडांचे डॉक्टर सुर्वे बसतात. आमचं तोवर बोलणं नव्हतं. ते मला 'मणकेवाली' म्हणतात हे मला तिसऱ्याकडून कळलेलं. मी आणि शमिकानं सुरेशना धरून रस्ता ओलांडला आणि रांग मोडून सरळ आत शिरलो. सुर्वे आधी माझ्यावरच डाफरले. मग मी लक्षणं सांगितली. त्यांनी लगेच तपासलं आणि फोन उचलला. गाडी आली, सुरेशना आंबा घाटातून कोल्हापूरला नेलं, तातडीनं ऑपरेशन झालं. मणक्यातली गादी सरकून नसांच्या जुडग्यावर दाबली गेली होती. तशात मी जोर लावला असता तर?

त्या दिवशी मला काम सुधरेना. शमिकानं उरलेले पेशंट परत पाठवले.

काही महिन्यांनी ते दोघं फणस घेऊन आले. सुरेश स्वतःच्या पायांनी चालत होते. बायको म्हणाली, "बाई, तुमी हात लावलात नाय, म्हणून ह्ये चालतायत."

अर्धा फणस मी समोर सुर्व्यांकडे पाठवला. त्यांचा फोन आला. "आजवरची तुमची ही सगळ्यात उत्तम ट्रीटमेंट!"

पण मी त्या दिवशी घाईत असते, प्रश्न विचारायला विसरले असते, तर? कोर्ट आहे, पोलीस आहेत, पण ते सगळं मागाहून. आधी येऊन 'तू हे प्रश्न विचारतेस का?' असं मला विचारणारं कुणीच नव्हतं. ऑस्ट्रेलियात ज्याचा कंटाळा यायचा, ते सगळं मला त्या दिवशी फार आठवलं.

*

आणि आता संगमेश्वरचा.

साळवी साहेबांचा एकदा फोन आला. संगमेश्वरात बाजाराच्या दिवशी एक तरुण मंडप टाकून लोकांचे मणके मोडतोय, झुंबड उडालीय. बघायला जायचंय, तर जाणकार म्हणून मी बरोबर येईन का?

"पण साहेब, मला तर मान्यताच नाही."

"म्हणूनच! जिल्ह्यात या विषयातलं कळणारं दुसरं कुणी नाही, आणि जी आहे तिला आम्ही ओळखत नाही. चला."

गेलो. मंडपात पंचविशीतला एक पिळदार अंगाचा मुलगा, रोहन. मुंबईला जिममध्ये कामाला होता, तिथे बघून शिकलेला. हात चांगले होते, हे मला मान्य करायला हवं. टेबलावर एक म्हातारी आजी पालथी झोपलेली, पाठीला चांगलाच बाक. रोहननं तिच्या पाठीवर तळहात टेकवले आणि श्वास घेतला.

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचा वांगीवाला पण थांबला.

रोहन वैतागला. "तुम्ही कोण?"

मी आजीजवळ जाऊन बसले. "आजी, अलीकडे कधी पडलात?"

"पडले तर. पाणी भरताना. मनगट मोडला."

"उंची कमी झाल्यासारखी वाटते?"

"लुगडं लांब होतंय आताशा."

मी रोहनकडे बघितलं. "हाडं ठिसूळ आहेत त्यांची. दाबलं असतंस तर मणकाच मोडला असता. हे विचारलं होतंस?"

त्याचा चेहरा उतरला. पण गर्दी बघत होती. तो साळवी साहेबांकडे वळला. "साहेब, ह्या मॅडमना परवाना कुणी दिलाय?"

साहेब खरं बोलणारे. "कुणीच नाही."

"मला?"

"तुलाही नाही."

"मग ह्या मला थांबवणार कुठल्या कायद्यानं?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी साहेबांकडे. रोहननं स्वतःच आजीच्या पाठीवरचे हात काढून घेतले आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

आजी पालथीच होती. वाट बघून बघून तिनं मान वळवली. "काय झाला? ह्यो हात लावीत नाय, ती बाय हात लावीत नाय. मी काय अशीच पडून ऱ्हाऊ? माजी पाठ दुकतेय म्हणून आले मी!"

लोक हसले. साळवी साहेब अवघडले. निम्मं आयुष्य फायलींत गेलेला माणूस, पेशंटला हात लावून त्यांना किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. ते पुढे आले, बाही सरळ केली, पुन्हा मागे सारली आणि आजीच्या पाठीवर अलगद हात ठेवला.

"इथे दुखतं का आजी?"

आजीनं डोळे मिटले.

"हात गार हाय तुमचा, सायेब," ती म्हणाली. "पण ऱ्हाऊ द्या. काडू नका."